नकाराची जागा

प्रेमकादंबरीचा विषय निघाला की आपली समीक्षा एक तर न्यायासनावर बसते, नाही तर नाक मुरडून पुढे जाते. वाचक म्हणून तिच्या सहवासात काही काळ घालवावा, असे तिला सहसा वाटत नाही. गेल्या काही महिन्यांत मी प्रेमकादंबऱ्या ठरवून, एकीमागून एक वाचल्या. त्यांत मराठी होत्या, कन्नड होत्या आणि इंग्रजीही होत्या. काही प्रथमच हाती आलेल्या, तर काही चाळीस वर्षांपूर्वी वाचून विसरलेल्या. या वाचनातून जी मते बनली ती येथे मांडीत आहे. ती व्यक्तिगत आहेत. परंतु ज्या प्रश्नाभोवती ती गोळा झाली तो प्रश्न मात्र व्यक्तिगत नाही. वाचकाला हवा असलेला गोड शेवट हमखास हाती ठेवणारी कादंबरी त्या वाचकाशी प्रामाणिक असते काय?

मी राहते तो म्हैसूरचा अग्रहार. अग्रहार म्हणजे विद्यावंतांना दान म्हणून दिलेली वस्ती. आज तेथे दुकाने आणि वाहने यांचीच गर्दी अधिक आहे. पण ज्या शब्दाने ही वस्ती ओळखली जाते त्या शब्दामागे अध्ययन, आचार आणि नियमन यांची एक दीर्घ परंपरा उभी आहे. अशा ठिकाणी बसून प्रेमकादंबरी वाचणे हे कोणाला विसंगत वाटेल. वस्तुतः तसे नाही. ज्या संस्कृत विद्येचा अग्रहाराला अभिमान होता, तिनेच आपल्याला या साहित्यप्रकाराचे नाव दिले आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा 'नॉव्हेल'ला 'कादंबरी' म्हणतात. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या एका नायिकेचे नाव दोन भाषांनी एका संपूर्ण साहित्यप्रकाराला देऊन टाकले. प्रत्येक कादंबरी, मग ती दुष्काळाविषयी असो वा राजकारणाविषयी, नावापुरती तरी एका प्रेमिकेची वारसदार असते.

त्या मूळ 'कादंबरी'च्या शेवटाची हकीकत प्रस्तुत प्रश्नाच्या संदर्भात फार बोलकी आहे. बाणाच्या हातून ती पूर्ण झाली नाही. त्याच्या निधनानंतर उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला, आणि तो लिहिण्याचे कारणही त्याने सांगितले: कथा तुटल्यामुळे सज्जनांना झालेले दुःख त्याला पाहवेना, कवित्वाच्या अभिमानाने आपण हे काम हाती घेतलेले नाही. शाप, मृत्यू आणि जन्मांतरे ओलांडून महाश्वेता-पुंडरीक आणि कादंबरी-चंद्रापीड यांचे मीलन होते ते या दुसऱ्या हातातून. म्हणजे गोड शेवटाची वाचकांची मागणी ही अलीकडच्या बाजाराची निर्मिती नव्हे. पित्याची अपुरी कृती पूर्ण करताना पुत्रालाही ती ऐकू आली होती आणि तिच्यात त्याला काही हीन दिसले नव्हते.

मराठीत मात्र या मागणीवर आरंभापासून संशय घेतला गेला. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 साली आली, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 साली. आणि लगेच 1872 मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून या अद्भुतरम्य कथांच्या अवास्तवतेवर आक्षेप घेतला. पुढे आक्षेपाचे स्वरूप पालटले. अवास्तवतेची जागा अश्लीलतेने घेतली. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. तिच्यावरील खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 साली लेखकाची मुक्तता झाली. अश्लीलतेची कल्पना समाजागणिक व काळागणिक बदलते, आणि केवळ अल्पवयीन वाचक डोळ्यांपुढे ठेवून लेखकाची मर्यादा आखता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्यापुरता तो वाद तेथे निवळला. पण या सगळ्या काळात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. प्रेमकथेत किती शृंगार आहे हे पाहिले गेले, किती वास्तव आहे हे पाहिले गेले. तिच्यात माणसाच्या इच्छेला कसे वागवले जाते हे मात्र पाहिले गेले नाही.

गोड शेवटाचा पुरस्कार करणारी बाजूही दुबळी नाही. अमेरिकेत 1980 साली स्थापन झालेल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने आपल्या व्याख्येतच भावनिक समाधान देणारा, आशावादी शेवट हा प्रेमकादंबरीचा आवश्यक घटक मानला होता. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने 1984 साली 'रीडिंग द रोमान्स' हा ग्रंथ लिहिला तो अशा पुस्तकांच्या वाचक स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून. त्या स्त्रियांच्या दृष्टीने कादंबरीतील मजकुराइतकीच वाचण्याची क्रिया महत्त्वाची होती. दिवसभर घरातल्या प्रत्येकासाठी राबल्यावर पुस्तक उघडणे म्हणजे तेवढा वेळ आपला आहे असे सांगणे होते. आमच्या शेजारी एक वृद्ध मराठी मावशी आहेत. वाचनालयातून आणलेल्या प्रेमकादंबऱ्यांवर त्यांची उभी हयात गेली. मी एकदा गोड शेवटाविषयी कुरकुर केली तेव्हा त्या म्हणाल्या, "दुःख घरात काय कमी असतं गं, ते पुस्तकातून आणखी उसनं कशाला आणायचं?" या प्रश्नाला उत्तर देता आल्याखेरीज कोणत्याही समीक्षकाने प्रेमकादंबरीला पलायनवादी म्हणू नये, असे मला वाटते.

माझे उत्तर असे आहे. दोष शेवट गोड असण्यात नाही. तो गोड होण्यावाचून नायिकेला दुसरा मार्गच ठेवलेला नसणे, हा दोष आहे. या महिन्यांत वाचलेल्या मालिकावजा इंग्रजी कादंबऱ्यांत आणि त्यांच्या छापाच्या आपल्याकडील पुस्तकांत नायिका पुष्कळदा 'नाही' म्हणते. श्रीमंत, तुसड्या नायकाला ती झिडकारते, नोकरी सोडते, गाव सोडते. पण तिचे 'नाही' कोणीही खरे मानीत नाही. नायक मानीत नाही, लेखक मानीत नाही आणि वाचकही मानीत नाही. सर्वांना ठाऊक असते की हा केवळ विलंब आहे. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (1931) मध्ये कथात्म लेखनाच्या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली. त्यांच्या अनुकरणात पुढे जे पुष्कळ लेखन झाले, त्यात नायिकेचा नकार हे उत्कंठा लांबवण्याचे एक साधन होऊन बसले. तंत्र म्हणून त्यात वावगे काही नाही. पण 'बाईच्या नाहीचा अर्थ थोड्या वेळाने हो' ही समजूत एकदा कथेच्या बांधणीतच मुरली की ती पुस्तकाबाहेरही वावरू लागते. आणि तेथे तिची किंमत खऱ्या मुलींना मोजावी लागते. प्रेमकादंबरीचा नैतिक प्रश्न मला येथे दिसतो. जेथे नकार खरा असू शकत नाही, तेथे होकारालाही अर्थ उरत नाही.

या कसोटीचे एक उत्तम उदाहरण आमच्या अग्रहाराच्या शेजारचे आहे. त्रिवेणी या नावाने लिहिणाऱ्या अनसूया शंकर (1928–1963) म्हैसूरच्याच. चामराजपुरम् भागात त्यांचे घर होते. मानसशास्त्र हा त्यांच्या अध्ययनाचा विषय. 'अपस्वर' ही पहिली कादंबरी 1953 ची. पस्तिशीही पुरी होण्याआधी, अपत्यजन्मानंतर काही दिवसांतच त्यांचा अंत झाला. दहा वर्षांच्या लेखनकाळात त्यांनी सुमारे वीस कादंबऱ्या लिहिल्या. 'बेळ्ळि मोड', म्हणजे रुपेरी ढग, ही त्यांतली एक. पुट्टण्णा कणगाल यांनी 1967 मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. इंदिरा ही श्रीमंत घरातली एकुलती एक मुलगी. तिचे लग्न मोहनशी ठरते. तिच्या वडिलांच्या पैशावर तो परदेशी शिकायला जातो. दरम्यान इंदिरेला भाऊ होतो, संपत्तीला वारस येतो आणि मोहनचे प्रेम आटते. पुढे अपघातात जायबंदी होऊन तो तिच्याच घरात अंथरुणाला खिळतो. ती त्याची शुश्रूषा करते. त्याला पश्चात्ताप होतो आणि तो पुन्हा लग्नाची याचना करतो. नेहमीच्या प्रेमकादंबरीत हेच शेवटचे पान असते. इंदिरा मात्र नकार देते.

मावशींना हा शेवट आजही मान्य नाही. "तो बदलला होता, तिनं क्षमा करायला हवी होती," असे त्या म्हणतात. त्यांचे म्हणणे मी सहज बाजूला सारू शकत नाही, कारण क्षमा हे लहानसहान मूल्य नव्हे. परंतु इंदिरेने क्षमा केलेलीच आहे; नाही तर तिने त्याची सेवा केली नसती. क्षमा केली म्हणजे स्वतःला देऊन टाकले पाहिजे, हे मात्र तिला मान्य नाही. करुणा आणि प्रेम यांच्यातील ही रेघ त्रिवेणींनी ज्या शांतपणे ओढली आहे, ती मोठमोठ्या नीतिग्रंथांतही क्वचित सापडते. आणि हे त्यांनी लोकप्रिय कादंबरीच्या चौकटीत राहून, वाचनालयाच्या वाचकाशी नाते न तोडता केले.

त्यांच्याच 'शरपंजर'मध्ये प्रश्न उलट बाजूने येतो. येथे प्रेमविवाह होऊन गेला आहे. गोड शेवट जणू आरंभीच भोगून झाला आहे. बाळंतपणानंतर कावेरीला मनाचा आजार होतो. ती बरी होऊन घरी परतते, पण घरातले आणि शेजारचे लोक तिला बरी होऊ देत नाहीत. नवराही दूर सरतो आणि ती पुन्हा भ्रमिष्ट होते. ज्या माणसाच्या साध्या शब्दावरचा विश्वास इतरांनी काढून घेतला, त्याच्या होकाराला आणि नकाराला सारखेच मोल उरत नाही, हे या कादंबरीचे सत्य मला पुन्हा वाचताना अधिक जाणवले.

तर मग दुःखान्त कादंबरी आपोआप अधिक खरी ठरते काय? तसेही नाही. म्हैसूरमध्येच दीर्घकाळ राहिलेले एस. एल. भैरप्पा (निधन 2025) यांची 'वंशवृक्ष' (1965) उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. तरुण विधवा कात्यायनी प्रेमाला होकार देते, पुनर्विवाह करते, आणि मुलाला मागे ठेवून येते. मुलाचा निर्णय सासरे श्रोत्री तिच्यावरच सोपवतात, तो प्रसंग नैतिक स्वातंत्र्याचे अत्यंत उंच दर्शन घडवतो. परंतु त्यानंतर लागोपाठ होणारे गर्भपात आणि अखेर तिचा मृत्यू यांतून कादंबरी तिला शिक्षा तर देत नाही ना, अशी शंका माझ्या मनातून या वेळीही गेली नाही. कादंबरी थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण होकाराची फळे आधीच ठरलेली असतील, तर तीही एक प्रकारची सक्तीच. गोडाची सक्ती आणि कडूची सक्ती यांत नीतीच्या दृष्टीने फरक थोडा.

या दोन्ही सक्तींतून सुटलेली मराठी प्रेमकादंबरी शोधताना मला पु. शि. रेगे यांची 'सावित्री' (1962) आठवते. ती बरीचशी कुर्गच्या, म्हणजे म्हैसूरहून फार दूर नसलेल्या प्रदेशाच्या, पार्श्वभूमीवर घडते. सगळी पत्रे सावित्रीची. ज्याला ती लिहिते त्याची पत्रे आपल्याला कधीच दिसत नाहीत. रचनेची ही युक्ती वाटते, पण तिच्यात एक नैतिक जाणीव आहे. प्रिय माणसाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कादंबरी स्वतःकडे घेत नाही. तो काय म्हणेल हे ठरवायला तो मोकळा राहतो, आणि म्हणून सावित्रीचे प्रेम याचना किंवा डावपेच न होता तिच्या स्वतःच्या वाढीची रीत होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की प्रेमकादंबरी हाती आली तर शेवटचे पान आधी पाहायला हरकत नाही. शेवट कळल्याने फारसे बिघडत नाही. नंतर मात्र मागे येऊन एक गोष्ट तपासावी: या बाईला, या पुरुषाला, खरोखर 'नाही' म्हणता आले असते काय? म्हणता आले असते आणि तरी ती दोघे एकत्र आली, तर मावशींना हवा असलेला गोड शेवट त्यांना पूर्ण हक्काने मिळाला असे समजावे. आणि ग्रंथालयांना एक विनंती. सर्वाधिक वाचली जाणारी ही पुस्तके सर्वांत आधी फाटतात आणि बहुधा रद्दीत जातात. त्यांच्याबरोबर, प्रेमात आपल्याला काय मान्य आहे आणि काय नाही याविषयी कित्येक पिढ्यांच्या वाचक स्त्रियांनी काय स्वप्न पाहिले, त्याची नोंदही जाते. त्यांतल्या काही प्रती तरी नीट बांधून कपाटात ठेवल्या पाहिजेत.