खाऱ्यातले गोडे पाणी

रामेश्वरमजवळ तंगच्चिमडम येथे विलूंडी तीर्थ आहे. चहूकडे समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याची विहीर! सीतामाईंना तहान लागली तेव्हा प्रभू रामचंद्रांनी तेथे धनुष्य रोवले, अशी कथा आहे.

किनाऱ्यावरच्या झऱ्यांविषयी भूशास्त्र सांगते की, वाळूत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि समुद्राकडे सरकत राहते. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर खाली ते सुमारे ४० मीटर असते. वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्याला हे भांडवलच वाटते. वरचे १ मीटर उपसून संपवले की खालचे ४० मीटरही हळूहळू खारे होते.

सेवा करणाऱ्याने देतच राहावे, असे आपण म्हणतो. पण काही मुरू न देता देता येते का?

परीक्षेच्या दिवसांत नामस्मरण बाजूला ठेवून मी रात्री भाषांतर करत होतो. लेखाचा विषय होता मधुर वाणी. आईने जेवायला हाक मारली, तर मी तिच्यावर खेकसलो. लेख वेळेवर गेला, कौतुकही झाले. थकलो होतो, असे मी स्वतःला सांगितले. झऱ्याचे पाणी निदान दुसरे कोणी उपसते. माझे मीच उपसले होते.

आई अजूनही आधी दारात थांबून विचारते, “बाळा, सेवा चालू आहे का?” मगच जेवायला बोलावते.