घराचा हिशेब दोघांचा

शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या पंचक्रोशीत, पपईची तोडणी सुरू झाली की गाडी थेट शेतात लागते. व्यापाऱ्याशी भाव घरातला कर्ता पुरुष ठरवतो आणि वजनाची पावती त्याच्या खिशात जाते. मजुरांची हजेरी, कोणाची उचल किती, कोणाचे मागचे पैसे राहिले, हे मात्र बहुतेक घरांत बाईच्या तोंडपाठ असतं. त्यामुळे तिला पैशातलं काही कळत नाही, हे म्हणणं मला मान्य नाही. तिला ठाऊक नसतो तो कागद. सोसायटीचं पीक कर्ज किती, ते यंदा फेडलं की नवं-जुनं केलं, सातबाऱ्यावर बोजा कोणाचा, विम्याचा हप्ता कुठून कापला जातो, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं.

आणि एखाद्या दिवशी तो माणूस जातो.

२०२१ साली कोरोनाने हे राज्यभर दाखवून दिलं. चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी बायकांवर आयुष्यात पहिल्यांदा घराचा सगळा व्यवहार येऊन पडला. त्यांच्यासाठी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली, सरकारने ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं. त्या कामाचा मोठा भाग कागदांचाच होता : मृत्यूचा दाखला, वारस नोंद, रेशन कार्ड, मालमत्तेतला हक्क. दुःख करायला उसंत मिळण्याआधीच या बाया तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर बसलेल्या होत्या.

अशा घरात पहिल्या महिन्यात काय घडतं, ते नीट पाहायला हवं. गेलेल्या माणसाकडून ज्यांचं येणं आहे, ते सगळे भेटायला येतात. खतवाला येतो, हातउसने दिलेला येतो, कधी चिठ्ठी घेऊन, कधी नुसत्या शब्दावर. ज्यांच्याकडून त्या माणसाचं येणं आहे, ते मात्र फिरकत नाहीत. केळी-पपईचे पैसे कोणत्या व्यापाऱ्याकडे अडकलेत, कोणत्या नातलगाला लग्नात किती दिले होते, हे सांगायला कोणी दार वाजवत नाही. बाईला माहिती नसेल तर देणं फुगत जातं आणि येणं बुडतं. वारसांवर कर्जाची जबाबदारी येते ती वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. कोणी परवान्याशिवाय सावकारी करत असेल तर २०१४ च्या कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते, हेही नाही. ती लाजेपोटी डोरलं मोडते आणि पैसे देऊन टाकते.

दुसरी हानी मुदतींची. पीक कर्ज ठरलेल्या मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज लागत नाही. तारीख हुकली की ती सवलत गेली. शेतकऱ्याचा विजेच्या धक्क्याने, सर्पदंशाने किंवा रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळू शकतात. पण प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. ते ३० दिवस म्हणजे दहावं, तेरावं आणि पाहुण्यांची ये-जा. पासबुकात वर्षातून एकदा ४३६ रुपये कापल्याची एक ओळ असते. तो जीवनज्योती विम्याचा हप्ता. त्या ओळीमागे २ लाखांचं संरक्षण आहे, हे पासबुक वाचता आलं तरच कळणार. नॉमिनीच्या रकान्यात तर अनेकदा लग्नाआधी लिहिलेलं आईचंच नाव राहून गेलेलं असतं.

मग नवरे सांगत का नाहीत? बहुतेकांचं उत्तर प्रेमाचं असतं, ‘तिच्या डोक्याला कशाला ताप?’ या प्रेमाच्या खरेपणावर मला शंका नाही. पण जे कर्ज तिच्या घरावर आहे, ज्या कर्जासाठी तिची जमीन अडकली आहे, ते तिच्यापासून लपवणं अन्यायच आहे, हेतू कितीही मायेचा असो. काही घरांत लपवण्यामागे माया नसून भीती असते : कर्ज कळलं तर बायको काय म्हणेल? त्या भीतीखाली माणूस एकटा पिचत जातो. शेतकरी आत्महत्यांनंतर अनेक घरांतून एकच वाक्य ऐकू आलं, एवढं कर्ज आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

वय झालं, आता काय शिकणार, ही सबब टिकत नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडच्या बायांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अंगठे उठवणाऱ्या प्रवर्तकांमुळे रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बाया रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी त्यांनी तिथे सांगितली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्याच्याही आधी, १९९० च्या सुमारास, शेतकरी नेते शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’चं आवाहन केलं आणि शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला. म्हणजे शिकायची तयारी बाईची होती आणि द्यायची तयारी पुरुषांचीही होती, याच महाराष्ट्रात.

आपल्या तालुक्यापुरतं बोलायचं तर देशातलं पहिलं आधार कार्ड शहाद्याच्याच टेंभलीत एका बाईला दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० रोजी. आता लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपयेही बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पण खातं तिचं असलं तरी एटीएम कार्ड आणि पिन मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असेल, तर तिच्या हाती काही आलं असं मी मानणार नाही.

ज्या बहिणी हे वाचत असतील त्यांनी बँकेत विचारायला संकोचू नये. स्लिप चुकली तर दुसरी मागावी, समजलं नाही तर पुन्हा विचारावं. बचत गटाच्या वहीत सही करणाऱ्या हातांना पासबुक जड नाही.

आणि दादांनो, येत्या रविवारी जेवणं झाली की दोघं मिळून बसा. पासबुकं, विम्याचे कागद, सोसायटीचा उतारा, सातबारा आणि आठ-अ बाहेर काढा. कोणाचं किती देणं आहे आणि कोणाकडून किती येणं आहे, ते एका वहीत लिहा, आणि लिहू द्या तिला. नॉमिनीचं नाव तपासा. कर्जाचा आकडा सांगताना जीभ अडखळली तरी सांगा.