मागणारे आणि सही करणारे

15 नोव्हेंबर 2019. मध्यरात्र उलटून गेली होती. सांतियागोतल्या जुन्या संसद भवनात चिलीचे बहुतेक प्रमुख पक्ष एका करारावर सह्या करत होते. देशाला नवी राज्यघटना हवी का, हे सार्वमताने ठरवायचे, असा तो करार. पक्षांच्या वतीने झालेल्या सह्यांत एक सही अशी होती, जिच्यामागे पक्ष उभा नव्हता. तेहतीस वर्षांचे खासदार गाब्रिएल बोरिच यांनी ती केवळ स्वतःच्या नावावर केली होती. त्यांच्याच पक्षाला करार मान्य नव्हता. पुढे अनेक सहकारी पक्ष सोडून गेले. डिसेंबरात सांतियागोच्या एका बागेत लोकांनी बोरिच यांना घेरले, गद्दार म्हणून हिणवले, अंगावर बिअर ओतली. ते जागचे हलले नाहीत. दोन वर्षांनी हाच माणूस देशाचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला.

बोरिच विद्यार्थी चळवळीतून आलेले. अशा नेत्याबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, तो सच्चा होता आणि सत्तेने बिघडला. दुसरी, पहिल्यापासून त्याचा डोळा सत्तेवरच होता. बोरिच यांची ती सही या दोन्हींत बसत नाही. आयुष्यभर मागण्या करत आलेल्या माणसाने स्वतःच्या लोकांचा रोष पत्करून तडजोडीखाली नाव लिहिले. हे बळ त्याला कुठून मिळाले, हा प्रश्न मला त्याच्या यशापयशापेक्षा मोठा वाटतो.

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. हुकूमशहा पिनोचेत यांनी 1981मध्ये विद्यापीठांची पुनर्रचना करून शिक्षणाचा बाजार खुला केला आणि मार्च 1990मध्ये, सत्ता सोडण्याच्या आदल्या दिवशी, शिक्षणाचा कायदा जारी करून ती चौकट पक्की केली. लोकशाही आली, चौकट राहिली. 2005मध्ये सरकारच्या हमीवर बँकांकडून शैक्षणिक कर्ज देण्याची योजना आली आणि मध्यमवर्गीय, कष्टकरी घरांतली मुले पदवी हातात येण्याआधीच कर्जबाजारी होऊ लागली. 2006मध्ये शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. गडद कोट आणि पांढरा सदरा या गणवेशामुळे त्या आंदोलनाला पेंग्विनांचे बंड म्हणतात. हीच पिढी विद्यापीठात पोचली आणि 2011मध्ये महिनोन् महिने देश ढवळून निघाला. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर मुलांनी सामूहिक नाच केला, त्याच प्रासादाभोवती दिवसरात्र पाळीपाळीने धावण्याचा उपक्रम चालवला. ऑगस्टमध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. कर्जाचा व्याजदर पुढच्या वर्षी सहा टक्क्यांच्या आसपासवरून दोनवर आला, तो या रेट्यामुळेच.

मोर्चे जगाने पाहिले. महत्त्वाचे काम मात्र कॅमेऱ्यामागे चालले होते. चिली विद्यापीठाचा विद्यार्थी महासंघ, 'फेच', 1906मध्ये स्थापन झाला. त्याच्या अध्यक्षाला विद्यार्थ्यांच्या मतांवर निवडून यावे लागते आणि सरकारशी जे बोलणे होईल ते सभांपुढे ठेवावे लागते. तासन् तास वाद होतात, मतदान होते, नेत्याचा प्रस्ताव पडतोही. 2011मध्ये भूगोलाची विद्यार्थिनी कामिला वायेहो फेचची अध्यक्ष होती. तिचे नाव खंडोखंडी गेले होते, ब्रिटनच्या 'गार्डियन'च्या वाचकांनी तिला वर्षाची व्यक्ती म्हणून निवडले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती स्वतःच्या विद्यापीठातली निवडणूक थोड्या मतांनी हरली. तिला हरवणारा कायद्याचा विद्यार्थी म्हणजे बोरिच. दहा वर्षांनी त्याच बोरिच यांच्या मंत्रिमंडळात ती सरकारची प्रवक्ती झाली.

कीर्तीच्या शिखरावर असताना आपल्याच सोबत्यांकडून हरायचे, दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी मोर्चात चालायचे, हे शिक्षण भाषणे देऊन मिळत नाही. घोषणा देणाऱ्याला आपल्या बाजूच्या लोकांपुढेच बोलायचे असते. उमेदवाराला विरोधात मत देणाऱ्याच्याही दारात जावे लागते आणि निवडून आल्यावर त्याचेही प्रतिनिधित्व करावे लागते. या दोन कामांमधला पूल म्हणजे विद्यार्थ्यांची नियमित, खुली निवडणूक.

इथे महाराष्ट्राचा विचार टाळता येत नाही. शरद पवार पुण्याच्या महाविद्यालयीन राजकारणातून आले, प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे अंबाजोगाईच्या विद्यार्थी चळवळीतून, कुमार सप्तर्षी युवक क्रांती दलातून. 1989मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. कॅम्पसमधली गुंडगिरी आणि पैसा यांवर उपाय म्हणून 1994च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका थांबवल्या, गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. त्या हिंसेची भीती खरी होती, हे मी मान्य करतो. पण गुंड बंदोबस्ताने आवरायचे असतात. त्यांच्यासाठी मतपेटीच काढून घेतली, तेव्हा शिक्षा मतदारांना झाली. 2016च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली. 2019मध्ये त्या घ्यायचे ठरले आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या. मधल्या काळात राजकारणात तरुण आले, बहुतेक कुणाची तरी मुले-पुतणे म्हणून. ज्याला वारसा नाही, त्याने हरण्या-जिंकण्याचा पहिला धडा कुठे गिरवायचा, याचे उत्तर कोणत्याच पक्षाने दिलेले नाही.

चिलीत 2013च्या निवडणुकीत चार माजी विद्यार्थी नेते संसदेत गेले. वायेहो आणि कारोल कारिओला कम्युनिस्ट पक्षातर्फे, जॉर्जियो जॅक्सन मोठ्या आघाडीने वाट मोकळी सोडल्यामुळे. बोरिच मात्र दक्षिण टोकाच्या आपल्या मागायानेस प्रांतातून अपक्ष उभे राहिले. तेव्हाच्या पद्धतीत प्रत्येक मतदारसंघाला दोन जागा असत आणि त्या दोन मोठ्या आघाड्यांत वाटल्या जात. तिसऱ्याला शिरकाव मिळणे दुर्मीळ. तरी बोरिच मतदारसंघात सर्वाधिक मते घेऊन आले. वकिलीची अंतिम परीक्षा मात्र राहून गेली ती गेलीच.

2021मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा त्यासाठी लागणारी पस्तीस वर्षे नुकतीच भरली होती. पहिल्या फेरीत अतिउजवे होसे आंतोनियो कास्ट 27.9 टक्के मते घेऊन पुढे, बोरिच 25.8वर. दुसऱ्या फेरीआधी त्यांनी भाषा मवाळ केली; कायदा-सुव्यवस्था आणि खर्चाची शिस्त यांवर बोलू लागले. जुने सोबती नाराज झाले. 19 डिसेंबरला त्यांना जवळपास 56 टक्के मते मिळाली.

सत्तेने मग हिशेब मागितला. दक्षिणेतल्या मापुचे लोकांच्या प्रदेशात आधीच्या सरकारने लष्कर उतरवले, तेव्हा खासदार बोरिच विरोधात होते. मे 2022मध्ये त्यांच्याच सरकारने आणीबाणीची स्थिती जाहीर केली. ज्या राज्यघटनेसाठी ती सही केली होती, तिचा मसुदा सप्टेंबर 2022मध्ये सुमारे 62 टक्के मतदारांनी फेटाळला. त्यानंतर ज्या मध्यममार्गी पिढीवर टीका करत ही मुले मोठी झाली, तिच्याच नेत्या कारोलिना तोहा गृहमंत्री झाल्या. आपल्या पिढीची मूल्ये आधीच्यांपेक्षा वेगळ्या पातळीवरची आहेत, असे बोलून बसलेल्या जॅक्सन यांना 2023मध्ये मंत्रिमंडळ सोडावे लागले. नैतिक उंचीवरून बोलण्याची ही सवय चळवळीची सर्वांत महागडी शिदोरी आहे. सभेत ती टाळ्या मिळवते. सरकारात तिच्यामुळे प्रत्येक चूक दुप्पट मोठी दिसते.

तरी या पिढीला अपयशी म्हणायला माझे मन तयार नाही. आठवड्याला 45ऐवजी 40 तास काम, हे विधेयक वायेहो आणि कारिओला यांनी 2017मध्ये खासदार म्हणून मांडले होते. एप्रिल 2023मध्ये ते संसदेने मंजूर केले. जानेवारी 2025मध्ये निवृत्तिवेतनाची सुधारणा मंजूर झाली, जी आधीच्या सरकारांना जमली नव्हती. दोन्हींसाठी उद्योजकांशी, उजव्या पक्षांशी कलमाकलमाने घासाघीस झाली. मोर्चात तिला शरणागती म्हटले असते. निवृत्त होणाऱ्या कामगाराच्या हातात मात्र त्यामुळे थोडे अधिक पैसे पडणार आहेत.

सगळ्यात जुनी मागणी, विद्यार्थ्यांचे कर्ज, सगळ्यात मागे राहिली. ते कर्ज मोडीत काढून नवी व्यवस्था आणणारे विधेयक सरकारने ऑक्टोबर 2024मध्ये, कारकिर्दीची अडीच वर्षे गेल्यावर मांडले. संसदेत बहुमत नव्हते, तिजोरीत मोकळा पैसा नव्हता, ही कारणे खरी आहेत. पण 2011मध्ये रस्त्यावर असलेली मुले आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांनी रांगा लावून मत दिले ते याच कर्जासाठी, आणि त्यांच्याशी बोलताना बोरिच यांना बहुमताचा आकडा पुढे करून चालणार नाही. डिसेंबर 2025मध्ये कास्ट राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. राष्ट्राध्यक्षाला सलग दुसऱ्यांदा उभे राहायला चिलीची घटना परवानगी देत नाही, एक कारकीर्द मध्ये गेल्यावर देते. बोरिच तेव्हाही पन्नाशीच्या आतच असतील, आणि मत मागायला त्यांना पुन्हा त्याच कर्जदारांच्या दारात जावे लागेल.