चामड्याचा सुगंध आणि माणसाचा गुण

सुगंधाचा व्यापार करणारे लोक आपल्या मालाबरोबर एक मतही विकीत असतात. तें असें कीं, मनुष्य जो गंध धारण करतो त्यावरून त्याचा स्वभाव ओळखावा. मोगरा लावणारा हळवा, चंदन लावणारा शांत, आणि चामड्याचा गंध लावणारा निश्चयी, स्वतंत्र, किंचित् बेदरकार! पहिल्या दोन विधानांविषयीं आम्हांस फारसें कांहीं म्हणावयाचें नाहीं. तिसऱ्याविषयीं मात्र आहे. कारण ज्या देशांत चामड्याच्या वासावरून माणसाचें मोल ठरविण्याची रीत शतकानुशतकें चालत आली, तेथील वाचकांस हा प्रश्न निव्वळ शौकाचा वाटूं नये.

प्रथम ह्या गंधाचें घटित पाहूं. पाश्चात्य देशांत चामड्याचें अत्तर म्हणून जें विकलें जातें त्यांत चामडें नसतें. रशियांतील कारागीर कमावलेल्या कातड्यांस भूर्जवृक्षाच्या सालीपासून काढलेलें डांबरासारखें तेल चोळीत. त्यामुळें कातडें पाण्यास व किडीस दाद देत नसे, आणि त्यास एक धुरकट, गोडसर वास येई. १७८६ सालीं असलीं कातडीं घेऊन निघालेलें एक जहाज इंग्लंडांतील प्लिमथ बंदराजवळ बुडालें. १९७३ मध्यें तें पाणबुड्यांस सांपडलें, तेव्हां जवळजवळ दोनशें वर्षें चिखलांत पडलेलीं कातडीं वापरण्याजोगीं निघालीं! हाच वास पुढें अत्तरकारांनीं भूर्जतेल आणि रसायनशाळेंत तयार होणारें आयसोब्यूटाइल क्विनोलीन यांच्या साह्यानें कुपींत उतरविला. म्हणजे ज्यास आपण चामड्याचा वास म्हणतों तो बव्हंशीं कमावणाऱ्यानें चामड्यास दिलेला वास आहे. कच्च्या कातड्याचा वास पैसे देऊन अंगास कोण लावील?

आमच्या नैयायिकांनीं गंध हा एका पृथ्वीचाच विशेष गुण मानला आहे. पाण्यास किंवा वाऱ्यास येणारा वास त्यांत मिसळलेल्या पार्थिव कणांचा, म्हणजे औपाधिक. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो त्यांतलाच हा प्रकार. ह्या कसोटीस लावल्यास अत्तर लावणाऱ्याचा निश्चयीपणा स्फटिकाच्या तांबडेपणाहून फार वेगळा ठरत नाहीं.

महाराष्ट्रांत भूर्जतेलाची जागा हिरडा आणि बाभळीची साल यांची आहे. पुणें जिल्ह्यांत जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांत महादेव कोळी समाजाचीं कुटुंबें हिरडा गोळा करतात. कोवळा वाळविलेला बाळहिरडा औषधास जातो, मोठा पिकलेला कातडें कमावण्यास. इंग्रजी अमदानींत हिरडा विलायतेच्या चर्मालयांकडे जाई, आणि त्याच्या एका प्रतीस वेंगुर्ल्याचें नांव होतें. कमावण्याची कोल्हापुरी रीत तर मुद्दाम पाहण्यासारखी. चुन्याच्या पाण्यांत भिजवून, केस व मांस खरवडून काढलेलें कातडें पिशवीसारखें शिवतात. तिच्यांत बाभळीची साल व हिरडा पाण्यासह भरून ती टांगून ठेवतात. तें तुरट पाणी कातड्याच्या रंध्रांतून हळूहळू पाझरत राहतें. कामास दिवस लागतात, पाठ मोडते, आणि वास हातांस, कपड्यांस, घरास जडून बसतो.

त्याच आंबेगांव तालुक्यांत, डोंगरापासून दूर, खेड व मंचर यांच्या दरम्यान सातगांव पठारावर पेठ हें गांव आहे. आज तें बटाट्यासाठीं ओळखलें जातें. पंप येण्यापूर्वीं ह्या मुलखांतील विहिरींवर मोट चाले. मोट चामड्याची, तिची सोंड चामड्याची, बैलामागचा आसूड चामड्याचा. त्या पाण्यावर वाढलेला भाजीपाला सोंवळ्यांत चाले. देवळांतल्या पखवाजाच्या पुडीस कोणी विटाळ मानीत नसे. मात्र मोट शिवणाऱ्या ढोर-कक्कय्या व चर्मकार मंडळींचें घर गांवाच्या कडेला! खुद्द अत्तराचीच गोष्ट घ्या. कनोजचें अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्यांत मुरवीत, कारण त्यांत राहिलेला पाण्याचा अंश त्या कातड्यांतून उडून जातो. दिवाळींत अभ्यंगानंतर तें मनगटास चोळणाऱ्या गृहस्थास कुपीचा विटाळ झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

आतां त्याच वासाचे तीन धनी पाहा. रशियन घोडेस्वाराच्या बुटांस तो येई तेव्हां तें शौर्य. पॅरिसमध्यें १९१९ सालीं कारोन ह्या पेढीनें सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांसाठीं 'तबा ब्लाँ' नांवाचें चामड्याच्या वासाचें अत्तर काढलें, तेव्हां तें स्वातंत्र्य. आणि आमच्याकडे चुन्याच्या कुंडाशीं उभ्या असलेल्या माणसास तो येई तेव्हां ती अशुद्धि. नाकानें थोडीबहुत एकच बातमी दिली; निकाल मात्र तीन लागले. १९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली, तरी नाकास लहानपणीं मिळालेली शिकवण कायद्यानें तडकाफडकी पुसली जात नाहीं.

यावर कोणी म्हणेल, अत्तर लावणारा तो वास निवडतो, कमावणारा निवडीत नाहीं. आणि स्वभाव दिसतो तो निवडींत. हा आक्षेप पोकळ नाहीं. मनुष्य कसा आहे याइतकेंच त्यास कसें व्हावेंसें वाटतें हेंही त्याच्या व्यक्तित्वाचें अंग आहे. परंतु कष्ट सोसण्याची ताकद, स्वतःच्या हातांवरचा विश्वास, हे जे गुण ह्या गंधास जोडले जातात ते मूळचे कोणाचे? घोड्यावरच्या माणसाचे जितके, त्याहून अधिक ते कातडें खरवडणाऱ्याचे आहेत. अत्तर लावणारा ते उसने घेतो. त्यास आमची हरकत नाहीं. पुष्कळशीं भूषणें उसनींच असतात. पण पेठेहून मंचरला जाणाऱ्या एस. टी.च्या गाडींत कातडीं कमावून परतणारा मनुष्य शेजारीं येऊन बसला, आणि ह्या निश्चयी गृहस्थानें नाकास रुमाल लावला, तर त्यानें धनकोसच ओळखलें नाहीं असें म्हणावें लागेल.

हा विसर एकट्या शौकिनांचा नाहीं. २०२५ च्या जून महिन्यांत मिलान येथें प्राडा ह्या इटालियन पेढीनें कोल्हापुरीसारख्या वहाणा मांडल्या आणि कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं. येथें ओरड झाल्यावर त्या भारतीय कारागिरीवरून सुचल्याचें तिनें मान्य केलें. २०१९ सालींच ह्या वहाणांस भौगोलिक मानांकन मिळालेलें होतें, तेव्हां आपण रागावलों तें योग्यच झालें. तथापि 'आमची कोल्हापुरी' असें म्हणतांना, जे हात ती घडवितात त्यांस ह्या 'आमच्या'त आपण केव्हां घेतलें, हें फार थोड्यांनीं विचारलें. कमावणाऱ्यांचीं कित्येक मुलें आज दुसरें काम शोधतात, आणि त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस दिसत नाहीं. ज्या वासापायीं आजोबांस दाराबाहेर उभें राहावें लागलें तो नातू अंगावरून धुऊन टाकीत आहे. त्याच वेळीं शहरांतल्या दुकानांत दुसरा कोणी तो, पुष्कळ पैसे मोजून, मनगटावर घेऊन पाहत आहे.