अडखळणाऱ्याचा दुहेरी मोबदला

दवाखान्यांचे गाव असलेल्या आपल्या मिरजेत ल्युकेमियातून सावरलेले मूल मक्तबात परतते. कालचा सबक मात्र आज आठवत नाही, आणि आपण त्यास आळशी ठरवतो.

कर्करोग मेंदूत दडू नये म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषध मणक्यातूनही देतात. ते जीव वाचवते, म्हणून टाळता येत नाही. पण काही मुलांचे अवधान, स्मरण व आकलनाचा वेग त्याने मंदावतो. कधी हे वर्षांनंतर उमगते.

मग जे सामर्थ्यच घटले, त्याचा जाब मुलास विचारणे न्याय्य आहे काय? प्रेषितांनी (स.) अडखळत, कष्टाने कुरआन पढणाऱ्यास दुहेरी मोबदला सांगितला आहे. अल्लाहच्या तराजूत वजन कष्टाचे आहे, वेगाचे नव्हे.

म्हणून सबक लहान करा, उजळणी वाढवा आणि हा विसर डॉक्टरांच्या व शिक्षकांच्या कानी घाला.