संकल्पाचे वजन

वजन कमी करण्याचा संकल्प करणारा मनुष्य पहिल्याच दिवशी एक आकडा उच्चारतो. दहा किलो, पंधरा किलो. मुलीच्या लग्नाआधी, नाताळाच्या आत. हा आकडा येतो कोठून, असे सहसा कोणी विचारीत नाही. बहुधा तो जुन्या छायाचित्रातून येतो, शेजारणीच्या कौतुकातून येतो, किंवा दवाखान्यातील भिंतीवरच्या तक्त्यातून येतो. ज्या देहाने तो पार पाडावयाचा, त्या देहाला मात्र कोणी विचारलेले नसते. आपल्या शक्तीबाहेरचा संकल्प करणे हा केवळ व्यवहारातील अजाणपणा आहे, की त्यात नीतीचाही काही प्रश्न गुंतलेला आहे, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्थूलतेवर उपचार घेऊ इच्छिणाऱ्या ६० स्त्रियांना त्यांनी आरंभीच विचारले होते, की किती वजन उतरले म्हणजे तुमचे समाधान होईल? सरासरी उत्तर आले, शरीराच्या एकूण वजनाच्या ३२ टक्के. १७ किलो उतरले तर ती आमची निराशाच म्हणावयाची, असे त्यांचे म्हणणे पडले. ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर सरासरी १६ किलो वजन खरोखरच उतरले. वैद्यकाच्या दृष्टीने हे उत्तम यश होते. परंतु जवळजवळ निम्म्या स्त्रिया स्वतःच ठरविलेल्या निराशेच्या आकड्यापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. १६ किलोंचे ओझे उतरविलेली व्यक्ती स्वतःच्या मापाने हरलेली ठरावी, याहून विचित्र हिशेब कोणता?

यावरून सामान्यतः उपदेश केला जातो तो असा, की ध्येय लहान ठेवा म्हणजे निराशा येणार नाही, उत्साह टिकेल आणि वजनही अधिक उतरेल. उपदेश गोड आहे, पण पुराव्याच्या कसोटीला तो पुरता उतरत नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात २०१३ साली स्थूलतेविषयीच्या गैरसमजांची छाननी करणारा एक लेख आला. वास्तव ध्येय न ठेवल्यास माणूस खचतो आणि कमी वजन उतरवितो, ही समजूत लेखकांनी चक्क गैरसमजांत जमा केली. काही अभ्यासांत तर मोठे ध्येय बाळगणाऱ्यांचेच वजन अधिक उतरलेले आढळले होते.

आम्हांस हे वाचून वाईट वाटले नाही. उपयोगाच्या एकाच पायावर उभी असलेली गोष्ट पाय लचकताच कोसळते. वास्तव ध्येयाच्या बाजूने बोलावयाचे तर दुसरे कारण शोधले पाहिजे, आणि ते सत्याच्या प्रांतात सापडते असे आमचे मत आहे. ध्येय म्हणजे स्वतःला दिलेला शब्द होय. एखादा सुतार सणापूर्वी दारे बसवून देतो असे म्हणाला, आणि ते होणार नाही हे त्याला ठाऊक असले, तर त्या शब्दामुळे त्याचा हात भराभर चालला तरीही आपण त्याला खोटा म्हणतो. मग स्वतःला दिलेल्या शब्दाला ही सवलत कशासाठी?

संत थॉमस अक्वायनस यांनी नवसाची चर्चा करताना हा मुद्दा स्पष्ट मांडला आहे. अशक्य ते नवसाचा विषयच होऊ शकत नाही. पुढे ते दोन दोष शेजारी शेजारी ठेवतात. शक्तीपलीकडचे हाती घेणे हा एक, आणि शक्तीत असलेले करण्यास कचरणे हा दुसरा. (स्वतः हे संत देहाने चांगलेच स्थूल होते अशी परंपरा आहे, तेव्हा त्यांचा आधार घेण्यात आम्हांस थोडी गंमतही वाटते.) वास्तव ध्येय म्हणजे पडखाऊपणा, असा आक्षेप जे घेतात त्यांना त्या दुसऱ्या दोषातच उत्तर मिळावे. पाच पावले चालू शकणाऱ्याने दोनच चालणे हेही असत्यच.

आता शक्तीत काय आहे? येथे देहाची बाजू ऐकणे भाग आहे. महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण देहाने आपला खर्चही कमी केला, आणि मन अन्नावाचून दुसरा विचार करीना. कित्येकजण पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले. त्यांच्या इच्छाशक्तीत खोट नव्हती. अलीकडे २०१६ साली केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरदर्शनवरील वजन घटविण्याच्या एका स्पर्धेतील १४ स्पर्धकांची तपासणी प्रसिद्ध केली. स्पर्धेनंतर सहा वर्षांनीही त्यांच्या देहाचा विश्रांतीतील खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. म्हणजे काट्यावरचा आकडा हा सर्वस्वी आपल्या हुकमतीतला नव्हे. संध्याकाळी अर्धा तास चालणे, भात दुसऱ्यांदा न घेणे, हे बहुतेकांच्या हुकमतीत आहे. शब्द द्यावयाचा तो याचा द्यावा.

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका एकदा डॉक्टरांवर रुसून आल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना वर्षभरात पाच किलोंचे ध्येय दिले होते. “फादर, पाच किलो म्हणजे काय? लोकांना दिसणारसुद्धा नाही!” आम्ही म्हणालो, “बाई, गुडघ्यांना दिसेल ना?” त्या हसल्या नाहीत. परंतु ‘लोकांना दिसणार नाही’ या तीन शब्दांत सारे दुखणे होते. आकडा मोठा असावा लागतो तो लोकांच्या डोळ्यांसाठी. देहाला पुष्कळदा थोडक्यातही भागते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक मोठा अमेरिकन अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ध्येय होते सात टक्के वजन घटविण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे. एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी उतरले. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी केलेला तशाच स्वरूपाचा अभ्यास २००६ मध्ये आला. त्यातील लोकांचे वजन फारसे उतरलेच नाही, तरीही आहारविहार सुधारल्याने मधुमेहाचे प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटले. काटा जागचा हलला नाही आणि रोग मात्र मागे हटला!

शक्यतेची सीमा कायमची आखलेली असते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ मधील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले. काल अवास्तव असलेले आज वैद्याच्या देखरेखीखाली एखाद्यास वास्तव ठरू शकते. ज्याला गरज आहे त्याने ते घेण्यात कमीपणा मानू नये. देहाशी लढताना केवळ मनगटाचाच विजय खरा, हा हट्टही शक्तीपलीकडच्या संकल्पाचाच भाऊ आहे.

उरतो प्रश्न दुसऱ्यांच्या मापाचा. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठनियमात दोन शिजविलेले पदार्थ आणि दिवसाला एक रतल भाकरी असे प्रमाण घालून दिले खरे. पण इतरांच्या खाण्यापिण्याचे माप ठरविताना मन कचरते, अशी कबुलीही त्यांनी तेथेच दिली आहे. ही कचर आपल्या समाजात क्वचितच दिसते. लग्नघरी फुगे आणि मटण वाढताना “घ्या हो, आजच्या दिवशी काय होतंय!” असा आग्रह करणारे तोंडच पुढच्या आठवड्यात एखाद्या वयात आलेल्या पोरीला चारचौघांत म्हणते, “काय गं बाय, किती सुटलीस!” त्या पोरीच्या खोट्या आकड्याचा उगम पुष्कळदा याच वाक्यात असतो. तिने वीस किलोंचा संकल्प सोडावा, चोरून उपाशी राहावे, मग चोरून खावे आणि स्वतःचा तिरस्कार करावा, याचा काही वाटा त्या बोलणाऱ्याच्या पदरीही पडतो. लग्नसराई पुन्हा येईलच. पंक्तीत बसलेला कोणी ताटावर आडवा हात धरून “पुरे” म्हणाला, तर त्या घरच्या यजमानाने वाढप्याला पुढच्या पानाकडे जाऊ द्यावे.