वाचलेले तास कोणाचे?

गेल्या वर्षी मी एक स्क्रिप्ट लिहिली. पुण्यातल्या एका कंपनीच्या बॅक ऑफिसात मी काम करतो. आमच्याकडे नऊ जणांची एक टीम दिवसभर एकच काम करायची. पुरवठादारांची बिलं पर्चेस ऑर्डरशी ताडून बघायची आणि फरक दिसला की बाजूला काढायची. नऊ जणांचं दिवसभराचं ते काम माझी स्क्रिप्ट चाळीस मिनिटांत उरकते. आता त्या टीममध्ये तिघं उरलेत.

गेलेल्या सहांमध्ये एक ताई होत्या. सगळं ऑफिस त्यांना ताईच म्हणायचं. चौदा वर्षं त्या हेच काम करत होत्या. स्क्रिप्ट लिहिताना तीन आठवडे त्या माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. कुठला पुरवठादार वाहतुकीचा खर्च वेगळ्या ओळीत लावतो, कोण मार्चमध्ये जुनंच बिल नव्या नंबरने पाठवतो, कोणाचा पाच रुपयांपर्यंतचा फरक सोडून द्यायचा, असे दोनेकशे अपवाद त्यात होते. ते सगळे मी कोडमध्ये बसवले. त्या वहीशिवाय स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी तोंडावर आपटली असती. मला बोनस मिळाला. ताईंना दोन महिन्यांचा पगार.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक वाद रंगतो. सगळी कामं यंत्रं करायला लागली की साम्यवाद येणार, समाजवाद येणार, की भांडवलशाहीच टिकणार? मीही त्यात हिरिरीने भांडायचो. ताई गेल्यापासून मात्र मला त्या वादात काहीतरी राहून जातंय असं वाटतं.

बघा, भांडवलशाहीत काम नाही तर पगार नाही, हे आपल्याला माहीतच आहे. पण सोव्हिएत रशियात काय होतं? तिथे काम न करणं हा गुन्हा होता. जोसेफ ब्रॉडस्की हा कवी १९६४मध्ये ‘परजीवी’ ठरला आणि त्याला पाच वर्षांच्या सक्तमजुरीसह दूर उत्तरेला धाडलं गेलं. कविता लिहिणं हे काम आहे हे कोर्टाला पटलं नाही. (पुढे १९८७मध्ये त्याला नोबेल मिळालं, तेव्हा तो अमेरिकेत स्थायिक झालेला होता.) आणि आपल्याकडे? १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती, खडी फोडत, रस्ते करत. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. तुमच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला जो प्रोफेशनल टॅक्स कापला जातो, तो मुळात या रोजगार हमीसाठी लागू झाला होता. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी पैसे द्यायचे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण तिथेही माणसाला काम मिळावं म्हणून यंत्र लांब ठेवायचं, असा नियम. जेसीबीने दोन तासांत खणला जाईल तो खड्डा माणसांनी आठवडाभर खणायचा.

म्हणजे तिन्ही ठिकाणी माणसाने जगण्याचा हक्क कामातून कमवायचा. तिन्ही विचार माणसांच्या हातांची गरज असलेल्या जगात जन्मले. हातांची गरजच कमी झाली तर काय, याचा विचार मार्क्सने १८५७-५८च्या त्याच्या वह्यांमध्ये थोडासा केलाय. समाजाचं साठलेलं ज्ञानच यंत्रात उतरतं आणि मग संपत्ती मोजायची तर मोकळ्या वेळात मोजावी लागेल, असं काहीसं तो म्हणतो. ताईंच्या वहीबद्दल याहून नेमकं मला तरी सांगता येणार नाही. फक्त मोकळा वेळ त्यांना मिळाला तो असा.

माझे आजोबा, आम्ही आबा म्हणायचो, परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. त्यांच्या आधीच्या पिढीने १९२८मध्ये सहा महिने संप केला होता. मालकांना एकेका कामगाराकडून जास्त साचे चालवून घ्यायचे होते, म्हणजे कमी माणसांत तेवढंच कापड. तेव्हा दीड लाख कामगार बाहेर पडले आणि गिरण्यांची चाकं थांबली. मालकाला बोलणी करावी लागली, कारण कामगाराकडे रोखून धरण्यासारखं काहीतरी होतं. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख बाहेर पडले. त्यात आबा होते. या वेळी मात्र कापड थांबलं नाही. ते भिवंडीच्या पॉवरलूमवर विणलं जात राहिलं. आबा म्हणायचे, ‘‘आम्ही वाट बघत बसलो बाळा, आणि बाजारात कापड होतंच.’’ तो संप आजवर कोणी रीतसर मागे घेतलेला नाही.

मला भीती वाटते ती या वाक्याची. आमच्या टीमने उद्या संप केला तर स्क्रिप्ट चालूच राहील.

मग हक्क कशावर सांगायचा? गिरण्यांच्या जमिनींबाबत एक प्रयत्न झाला होता. १९९१च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना तिचे साधारण तीन भाग करायचे होते. एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. विचार सरळ होता: ही संपत्ती एकट्या मालकाने उभी केलेली नाही. २००१मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची उरली आणि शहराचा वाटा आक्रसून गेला. २००६मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा बदल मान्य केला. मालकी सरकारकडे असती तर वेगळं झालं असतं, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की सरकारच्याच एनटीसीने २००५मध्ये आपल्या गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या.

योगायोग असा की आबा संपावर होते त्याच १९८२ साली, पार दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या अलास्का राज्याने प्रत्येक रहिवाशाला हजार डॉलरचा चेक दिला. तेलाच्या उत्पन्नातला वाटा. म्हाताऱ्याला, तान्ह्या बाळाला, काम करणाऱ्याला, न करणाऱ्याला, सगळ्यांना सारखा. भांडवलशाहीच्या माहेरघरात! ही योजना रेटणारा गव्हर्नर रिपब्लिकन होता. तिथे मजुरी म्हणून नाही, भीक म्हणूनही नाही, मालक म्हणून पैसे मिळतात. रक्कम दरवर्षी वर-खाली होते, २०१६मध्ये गव्हर्नरने ती निम्म्यावर आणली, आणि तेवढ्यावर कोणाचं घर चालत नाही. पण कपात झाली तेव्हा तो निवडणुकीचा मुद्दा बनला. आपला वाटा काढून घेतला, असं लोकांना वाटलं.

म्हणून ग्रुपवर आता कोणी कुठला ‘वाद’ असं विचारलं, की मी नाव सांगत नाही. यंत्रात ज्यांचं ज्ञान गेलंय त्यांचा त्या यंत्राच्या कमाईत वाटा हवा, आणि तो नोकरी गेल्यावरही चालू राहायला हवा. याला समाजवाद म्हणा नाहीतर शेअरहोल्डिंग. आणि तो हातांची गरज आहे तोवरच मागून घ्यायला हवा. ताईंनी वही उघडण्याआधी अट घातली असती तर कंपनीला ऐकावं लागलं असतं. त्यांनी घातली नाही. मीही त्यांना सुचवलं नाही, आणि ते मला तेव्हा सुचलं नव्हतं असं म्हणणं पूर्ण खरं नाही. बोनसचा आकडा मला आधीच कळला होता.

गेल्या आठवड्यात मॅनेजरने दुसऱ्या टीमसाठी तशीच स्क्रिप्ट मागितली. मी मेलमध्ये विचारलं, ज्यांच्या माहितीवर ती बनणार त्यांना वाचलेल्या तासांतलं काय मिळेल? ‘‘चांगला मुद्दा आहे, एचआरशी बोलू,’’ असं उत्तर आलं. सोमवारी त्या टीममधला एकजण माझ्यासोबत बसणार आहे. त्याला सांगितलंय, येताना तुझ्या नोट्स घेऊन ये.